सावंतवाडीला जा, पण दिवस राखून

मराठवाड्यातला माणूस कोकणात उतरला की त्याची गाडी थेट समुद्राकडे पळते. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, दोन वेळचं माशाचं ताट आणि परत. आंबोलीचा घाट उतरल्यावर लागणारी सावंतवाडी फार तर चहापुरती. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून तासाभराच्या आत असलेल्या या छोट्या संस्थानी शहराला खरं तर अख्खा दिवस द्यायला हवा. छत्रपती संभाजीनगरकरांनी तर नक्कीच. पैठणी घेताना पदर उलटून बघायची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात मोती तलावाकाठच्या राजवाड्यापासून करावी. भोसले घराण्याच्या या वाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवताना दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. १५२७ मध्ये सिंधमधल्या स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबराच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच ८ रंगांचा आणि ९६ पानांचा. इकडे त्याचा दशावतारी झाला: १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, एकूण १२० पानं. मत्स्याच्या रंगात पानावरचे मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं. डाव दिवसा मांडला तर उतारी रामाच्या राजाची, रात्री मांडला तर कृष्णाच्या.

ही कला जवळजवळ संपली होती. संस्थान विलीन झालं, छापील पत्ते स्वस्त झाले, आणि गंजिफा जाणणारे पुंडलिक चितारी वयाने थकले होते. राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, नव्या मुलांना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आज दिसणारी गंजिफा ही त्या धडपडीची पुण्याई.

वाड्यातून निघून चितार आळीत यावं. इथली लाकडी खेळणी आणि फळं-भाज्यांचे संच महाराष्ट्रभर घरोघर पोचले आहेत. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, कोरायला सोपं. म्हणून खेळण्यांना तेच. लाखकामाची रीत वेगळी. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणायची. दुकानात बाहेरून आलेला मालही असतो, म्हणून कुठलं काम इथलं हे विचारूनच घ्यावं.

इथून वीसेक किलोमीटरवर, कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ इथे जपला आहे. चित्रकथीत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि एकेक चित्र समोर धरत कथा गायची. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गंमत म्हणजे चित्रकथीची ही चित्रं अभ्यासकांमध्ये 'पैठणची चित्रं' म्हणूनही ओळखली जातात. आपल्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण असं कोकणात भेटतं.

पैठणीला आणि गंजिफाला राजाश्रयाने वाढवलं. आता दोन्ही गिऱ्हाइकाच्या जिवावर आहेत. हातमागाची पैठणी आणि यंत्रमागाची साडी यांत किमतीचा फरक का, हे आपल्याला सांगावं लागत नाही, कारण येवल्यात-पैठणात माग चालताना आपण पाहिलेला असतो. सावंतवाडीतही तेच करावं. आधी रंगवणाऱ्याच्या शेजारी घटकाभर बसावं, ब्रशच्या टोकाने माशाचा डोळा कसा उमटतो ते बघावं, आणि किंमत त्यानंतर विचारावी. पूर्ण संच परवडला नाही तर लहानशी हाती रंगवलेली वस्तू घ्यावी. छापील संचाचे पैसे कारागिराच्या हाती पडत नाहीत. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जावं. समुद्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.