लोकांनी उचलून घेतलेले गीत

वाचकहो, राष्ट्रगीत कोणते असावे हे राष्ट्राचे प्रतिनिधी सांगतात. आपल्या देशात तो निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत जाहीर झाला. परंतु क्रीडांगणावर आपल्या संघासाठी कोणते गीत गावे, हे बहुधा प्रेक्षकच ठरवितात. ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटाच्या शीर्षकगीताचे असेच झाले. ते घरोघरी पोहोचले त्यामागे कोणा मंडळाचा ठराव नव्हता. लोकांनीच ते उचलून घेतले.

हा चित्रपट १० ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झाला. कथा व गीते जयदीप साहनी यांची, दिग्दर्शन शिमित अमीन यांचे, संगीत सलीम-सुलेमान या बंधूंचे आणि शीर्षकगीताचा स्वर सुखविंदर सिंग यांचा. विषय होता भारतीय महिलांच्या हॉकी संघाचा. २००२ साली मँचेस्टर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक मिळविले, आणि त्या पराक्रमाची म्हणावी तशी दखल वृत्तपत्रांनी घेतली नाही. या अनास्थेतूनच कथेचे बीज मिळाले. चित्रपटातील संघात कोल्हापूरच्या सागरिका घाटगे आणि मुंबईच्या विद्या माळवदे या मराठी अभिनेत्री होत्या. अभिनेत्रींना हॉकीचे धडे दिले ते भारताचे माजी गोलरक्षक मीर रंजन नेगी यांनी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ असा पराभव झाला, तेव्हा गोलरक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या एका सामन्यापायी त्यांना पुढे वर्षानुवर्षे लोकांचा संशय सोसावा लागला.

आता त्या दोन शब्दांकडे वळू. पंजाबीत ‘चक्कणा’ म्हणजे उचलणे. शब्दार्थ इतका सोपा. पण मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराची लेखणी येथेच अडते. ‘उचल’ म्हणावे, तर हमालाला पोते उचलावयास सांगितल्यासारखे वाटते. ‘ऊठ’ म्हणावे, तर निजलेल्याला जागे केल्यासारखे. ‘हाण’ म्हणताच भांडणाचा वास येतो. मूळ शब्दांत हे सारे थोडेथोडे आहे, आणि त्याखेरीज ‘आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’ हा दिलासाही आहे. म्हणूनच की काय, कोणी त्यांचे भाषांतर करीत बसले नाही. ज्या मंडी मोहल्ल्यात आम्ही हे लिहीत आहोत, त्याचे नाव तरी कोठले? म्हैसूर हे कन्नड नगर; पण ‘मंडी’ काय, ‘मोहल्ला’ काय, दोन्ही शब्द दुरून आलेले. जवळून जाणाऱ्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आहे. कामाचा शब्द आपल्या जिभेवर रुळला, की त्याचे मूळ गाव कोणी विचारीत नाही.

परंतु, वाचकहो, एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुलींच्या हॉकीसाठी रचलेले हे गीत अल्पावधीतच पुरुषांच्या क्रिकेटच्या जयघोषात मिसळून गेले. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्ग येथे भारताने पाकिस्तानला ५ धावांनी हरवून पहिला वीस षटकांचा विश्वचषक जिंकला; त्या आनंदोत्सवात हेच सूर होते. २०११ चा विश्वचषक मुंबईत जिंकला तेव्हाही तेच. इकडे हॉकीची स्थिती काय होती? मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून २-० असा पराभव होऊन आपला पुरुष संघ ऑलिंपिकच्या पात्रतेसही उतरला नाही. ऐंशी वर्षांत असे प्रथमच घडले. गीत गाजत होते आणि ज्या खेळासाठी ते जन्मले तो खेळ मागे पडत होता. गाण्याने अंगावर रोमांच उभे राहतात. मैदाने, प्रशिक्षक, पादत्राणे आणि पोटभर सकस अन्न यांची व्यवस्था मात्र माणसांनाच करावी लागते.

ती व्यवस्था हळूहळू झाली. २०१८ पासून ओडिशा शासनाने राष्ट्रीय हॉकी संघांना आश्रय दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो येथे पुरुष संघाने ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक आणले. महिला संघाने ऑस्ट्रेलियास १-० असे नमवून उपांत्य फेरी गाठली आणि अखेर चौथा क्रमांक मिळविला. त्या दिवशी अनेकांच्या ओठी पुन्हा ‘चक दे’ आले. चौदा वर्षांनी ते गीत आपल्या घरी परतले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

इतर देशांतही असे घडले आहे. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ अनेक स्वतंत्र देशांचा मिळून बनतो. त्याला एकच राष्ट्रगीत कसे असणार? डेव्हिड रडर यांनी १९८८ साली रचलेले कॅलिप्सो गीत त्या संघाचे गीत ठरले. १९५८ नंतर थेट २०२२ मध्ये फुटबॉलच्या विश्वचषकास पात्र ठरलेल्या वेल्सने डॅविड इवान यांचे १९८३ चे गीत स्वीकारले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘अजूनही येथेच’ असा आहे. दोन्ही गीते संघाला सांगतात, की तुम्ही एकटे नाही. आणि आपल्या महिला क्रिकेट संघाने तर स्वतःचे गीत तयार करून, विश्वचषक जिंकेपर्यंत ते जगापुढे आणावयाचे नाही असा निश्चय केला होता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत चषक हाती आल्यावरच सांगलीच्या स्मृती मानधना आणि त्यांच्या सहकारी मुलींनी ते मैदानावर एकत्र गायिले.

आमच्या दक्षिणेकडील वाचकांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९६० ते १९६७ या काळात एल्व्हेरा ब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या महिला संघाने हॉकीचे राष्ट्रीय अजिंक्यपद सात वेळा पटकाविले. रीटा आणि मे या त्यांच्या बहिणीही त्याच संघात खेळत. एका घरातील तीन मुली हातात काठी घेऊन मैदानावर उतरल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कोणतेही चित्रपटगीत वाजत नव्हते. त्यांना बळ होते ते घरच्यांच्या संमतीचे.

तेव्हा पुढील सामन्याच्या वेळी हे गीत कानी पडले, तर आपण अवश्य ताल धरावा. पण त्याच संध्याकाळी आपली मुलगी खेळावयास निघाली आणि ‘अंधार पडेल, घरातली कामे पडली आहेत’ असे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबावे. या गीताचा खरा अर्थ तिला दार उघडून देण्यात आहे.