लघुतम प्रवाळ-मत्स्यालयासाठी माशांची निवड

समुद्रापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यास प्रवाळभित्तीवरील जीवन प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास खाऱ्या पाण्याचे छोटे मत्स्यालय हेच बहुधा त्याच्या हाताशी असलेले साधन असते. जागा व खर्च यांच्या मर्यादेमुळे असे मत्स्यालय पुष्कळदा चाळीस लिटरांच्या आसपासच असते. त्यात कोणते मासे ठेवावेत, या प्रश्नाचे ‘लहान मासे’ असे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर अपुरे तर आहेच, परंतु कित्येकदा ते माशाच्या जिवावर बेतते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माशाची लांबी ही निवडीची खरी कसोटी नव्हे. त्याची वाढ, त्याचे वागणे, त्याचे अन्न आणि त्याचे आयुर्मान या चार गोष्टींचा टाकीशी मेळ बसतो की नाही, हे पाहावयास हवे.

प्रथम पाण्याचा विचार करू. चाळीस लिटरांच्या टाकीत खडक व वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी सुमारे ३० लिटर उरते असे धरू. त्यातील एक लिटर पाण्याची वाफ होऊन गेली, तर लवणता दर हजारी ३५ वरून ३६.२ वर जाते. ३०० लिटर पाण्यातून तेवढीच वाफ झाली, तर ती केवळ ३५.१ होते. तापमानाचेही असेच आहे. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर तापते व लवकर निवते.

याहून महत्त्वाचा हिशेब नायट्रोजनाचा आहे. समजा, माशास रोज ०.१ ग्रॅम कोरडे खाद्य दिले. त्यात ४५ टक्के प्रथिन असेल व प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असेल, तर टाकीत रोज ७.२ मिलिग्रॅम नायट्रोजन पडतो. मासा त्यातील बराचसा भाग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. खडक व वाळू यांवर वाढणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. सर्व नायट्रोजन नायट्रेटमध्ये गेला असे मानल्यास ३० लिटर पाण्यात आठवड्यास दर लिटरी सुमारे ७.४ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्यास पंचमांश पाणी बदलले, तरी हे प्रमाण वाढत जाऊन पाणी बदलण्यापूर्वी ३७ मिलिग्रॅमच्या जवळ स्थिरावेल. हेच खाद्य ३०० लिटरांत पडल्यास तो आकडा ३.७ राहील. शैवाल व प्रवाळ यांतील काही नायट्रोजन शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षातील आकडा याहून कमी भरेल. तथापि प्रवाळभित्तीवरील नैसर्गिक पाण्यात नायट्रेट लिटरास एक मिलिग्रॅमहूनही पुष्कळ कमी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका चिमूटभर खाद्याचे मोल कळून येते.

नव्या टाकीत हे सूक्ष्मजंतू पुरेसे वाढलेले नसतात, आणि समुद्राच्या पाण्यात ही उणीव अधिक घातक ठरते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो व त्यांपैकी आयनीभवन न झालेले रूप विशेष विषारी असते. पीएच मूल्य ७ असताना या रूपाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याप्रमाणे ते ८.२ असल्यास २५ अंश सेल्सिअस तापमानास तो पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान जातो. म्हणून अमोनिया व नायट्राइट चाचणीत सातत्याने शून्य येईपर्यंत टाकीत एकही मासा सोडू नये. यास कित्येक आठवडे लागतात, आणि ते लागू द्यावेत.

आता चार कसोट्यांकडे वळू. पहिली वाढीची. विक्रीस येणारा मासा पुष्कळदा पिल्लू असतो. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॅसिलस ट्रायमॅक्युलॅटस घेतेवेळी दोन-तीन सेंटिमीटरांचा दिसतो, परंतु तो चौदा सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. निळ्या अंगाचा व पिवळ्या शेपटीचा पॅराकॅन्थुरस हिपॅटस तर तीस सेंटिमीटरांवर जातो. निवड नेहमी पूर्ण वाढलेल्या माशाची मापे पुढे ठेवून करावी.

दुसरी कसोटी वागण्याची. निळा डॅमसेल (क्रायसिप्टेरा सायनिया) सुमारे आठ सेंटिमीटरांपर्यंतच वाढतो, पण आपले क्षेत्र राखण्यासाठी तो इतरांवर तुटून पडतो. विस्तीर्ण भित्तीवर पराभूत मासा पळून जाऊ शकतो; टाकीत त्यास पळावयास जागाच नसते. थव्याने राहणाऱ्या हिरव्या क्रोमिसचीही हीच गत होते. अरुंद जागेत त्यांच्यात बळी तो कान पिळी असा प्रकार सुरू होतो व थव्याची संख्या एकेकाने घटत जाते.

तिसरी कसोटी अन्नाची, आणि येथे लांबीचा निकष सर्वांत अधिक फसवा ठरतो. मँडरिन मासा (सिंकिरोपस स्प्लेन्डिडस) सहा-सात सेंटिमीटरांचा, संथ व कोणाच्या वाटेस न जाणारा असतो. तो छोट्या टाकीसाठीच निर्माण झाला आहे असे वाटावे! परंतु तो दिवसभर खडकावरील कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी प्राणी टिपून जगतो, आणि चाळीस लिटरांच्या टाकीतील असे प्राणी तो लवकरच संपवितो. ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली आहे. मासा शेवटपर्यंत खडकावरून टिपत फिरताना दिसे, म्हणून तो खात आहे असा समज झाला. त्याचे पोट आत गेल्याचे लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. हालचाल म्हणजे पोषण नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

चौथी कसोटी आयुर्मानाची. तिचा विचार क्वचितच केला जातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील एव्हिओटा सिगिलॅटा हा इवलासा गोबी अधिकांत अधिक ५९ दिवस जगतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याच्या उलट पापुआ न्यू गिनीमधील ॲम्फिप्रिऑन पर्क्युला या क्लाऊनफिशच्या मादीचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत जाऊ शकते, असा अंदाज २००७ मध्ये मांडण्यात आला. हा मासाही हाताच्या तळव्यावर मावेल एवढाच असतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यानंतर या प्राण्याचा सांभाळ कोण करणार, हा प्रश्न मासा आणण्यापूर्वी सोडविलेला असावा.

या कसोट्यांस उतरणारे मासे थोडेच आहेत. कॅरिबियन परिसरातील निऑन गोबी (एलॅकॅटिनस ओशनॉप्स) पाच सेंटिमीटरांच्या आसपासचा असून तो खडकावर बसून राहतो, बंदिवासात पैदास झालेला मिळू शकतो व त्याचे आयुष्यही थोड्या वर्षांचेच असते. पिवळा गोबिओडॉन ओकिनावी याहूनही लहान असतो. तो प्रवाळाच्या फांद्यांत राहतो. मात्र अंडी घालण्यासाठी तो फांदीवरील जिवंत ऊती कुरतडतो, हे विसरू नये. स्टोनोगोबिऑप्स प्रजातीचा गोबी अल्फियस कोळंबीने खणलेल्या बिळात राहून तिची पहारेकरी करतो. वर्तनाच्या अभ्यासास ही जोडी उत्तम. परंतु हे मासे उडी मारतात, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण अवश्य असावे. यांपैकी एक, किंवा फार तर भिन्न सवयींचे दोन मासे पुरेत. क्लाऊनफिशच्या जोडीस याच्या किमान दुप्पट पाणी द्यावे. तिच्यासाठी समुद्रपुष्प आणण्याची आवश्यकता नाही. ते इतक्या थोड्या पाण्यात बहुधा टिकतही नाही.

आपल्याकडे कायद्याचाही विचार करावा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळ व समुद्रघोडे समाविष्ट झाले. मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत. तथापि सहलीहून त्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. टाकीतील खडक म्हणून कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावा. सूक्ष्मजंतू त्यावरही वाढतात. मासे शक्यतो पैदास केंद्रातील घ्यावेत. क्लाऊनफिशच्या पैदासीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या देशातच विकसित केले आहे.

सारांश, छोटी टाकी ही मोठ्या टाकीची सोपी आवृत्ती नव्हे. ती अधिक अवघड आवृत्ती आहे. चूक सावरून घेण्याइतके पाणीच तिच्यात नसते. म्हणून अशा टाकीत किती मासे मावतील, हे विचारण्याऐवजी ज्या एका माशाची आपण पूर्ण जबाबदारी घेऊ शकतो तो कोणता, हे विचारणे अभ्यासकास अधिक शोभते. तसा मासा न सापडल्यास माशावाचून ठेवलेली टाकीही अभ्यासास पुरेशी समृद्ध असते.