चार आयांचं घराणं

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या हेझलटन गावाजवळ, शेतात, चुनखडीच्या दगडांची एक लांबट रास होती. दरवर्षीच्या नांगरटीने ती झिजत चालली, म्हणून १९७९ ते १९८२ या काळात अ‍ॅलन सॅव्हिल यांनी ती पार जमिनीपर्यंत उकलली. आत दोन कोठड्या निघाल्या, एक उत्तरेच्या बाजूने शिरायची, दुसरी दक्षिणेच्या. दोन्हींत हाडांची सरमिसळ. बांधकाम इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० वर्षांचं, म्हणजे ब्रिटनमध्ये शेती नुकती रुजत होती तेव्हाचं.

उत्तरेच्या तोंडाशी मात्र एक माणूस सबंध सापडला. हाताशी गारगोटीचा गोळा आणि तो फोडायचा दगडी हातोडा. आयुष्यभर हत्यारं घडवणारा कारागीर असावा, असं वाटावं अशी ती मांडणी.

बाकीच्यांची ओळख पटायला चाळीस वर्षं जावी लागली. कानाजवळचं कवटीचं हाड आणि दात यांत डीएनए चांगला टिकतो. ३५ जणांचा डीएनए वाचता आला. सख्ख्या भावंडांत त्याचा साधारण निम्मा भाग सामायिक असतो, सावत्र भावंडांत पाव. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, वाय गुणसूत्र फक्त बापाकडून. हे धागे जुळवत २०२१च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये जी वंशावळ छापून आली, तिच्यात ३५ पैकी २७ जण एकाच घराण्याचे होते. पिढ्या पाच. मूळपुरुष एक आणि त्याच्यापासून मुलं झालेल्या बाया चार.

वंश चालला तो बापाकडूनच. घराण्यातल्या दोन मुली तिथे आहेत, पण त्या लहानपणीच गेलेल्या. वयात आलेली एकही लेक नाही. त्या सासरी गेल्या असाव्यात, हा तर्क आपल्याला सहज पटतो. मला थांबवलं ते कोठड्यांच्या हिशोबाने. दोघींची संतती दक्षिणेच्या कोठडीत, उरलेल्या दोघींची उत्तरेच्या. नाव बापाचं, जागा मात्र आजी-पणजीवरून ठरायची. म्हणजे बांधतानाच दोन दारं ठेवली, ती याच वाटणीसाठी असतील. पुढे उत्तरेकडची वाट ढासळली आणि त्या शाखेतल्या काहींना दक्षिणेकडे जागा द्यावी लागली.

रक्ताचं नातं म्हणजेच सगळं, असंही नव्हतं. काही पुरुषांची आई या घराण्यातल्या कुणाची तरी जोडीदारीण, पण बाप बाहेरचा. आईबरोबर आलेल्या अशा मुलांनाही इथेच ठेवलं. उरलेल्या आठ जणांचं कुणाशीच रक्ताचं नातं जुळत नाही. त्यांत तीन बायका आहेत. त्या सुना असू शकतात: मूल न झालेल्या, किंवा फक्त मुलीच झालेल्या आणि त्या मुली दुसऱ्या घरी गेलेल्या.