रोजाच्या दिवशी पेटी बंद

बारामतीच्या आमच्या वाड्यात माडीवर एक बेने इस्राएल कुटुंब बिऱ्हाडाला होते. गृहस्थ सरकारी नोकरीतले, मूळचे कुलाबा जिल्ह्याकडचे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आणि बोलणे तुमच्याआमच्यासारखे घरचे मराठी. पेटी फार सुरेख वाजवीत. तुकोबांची पालखी बारामतीस मुक्कामाला आली की आमच्या ओटीवरच्या भजनाला साथ त्यांचीच. पुढे पालखी काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाई. तिथले रिंगण पाहायला एस.टी.तून आम्हां मुलांना नेण्याचे कामही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते.

आणि अशा माणसाने, आषाढी एकादशीनंतर आठवड्याच्या आत माझ्या धाकट्या बहिणीचे बारसे आले तेव्हा, पेटी वाजवायला चक्क नकार दिला.

“आज आमचा रोजा आहे, वहिनी. पाळणा तुम्ही म्हणा. पेटीला मात्र आज हात लावता यायचा नाही.”

घुगऱ्याही त्यांनी घेतल्या नाहीत. आईला वाईट वाटले. काकांना राग आला. “उपवासाच्या दिवशी गाणेबजावणे नको? मग उपवास करायचा कशाला?”

काकांचा प्रश्न बारामती-इंदापुरात कोणालाही पटला असता. आपली एकादशी म्हणजे पोटाला उपवास आणि कानांना मेजवानी. टाळ-मृदंग नसेल तर ती एकादशी कसली?

तो दिवस होता यहुदी पंचांगातील तम्मूज महिन्याचा सतरावा. हे पंचांगही चांद्रमासांचे आणि अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखणारे, म्हणून तम्मूज पुष्कळदा आपल्या आषाढातच पडतो. 2024 साली आषाढी एकादशी 17 जुलैला होती आणि हा रोजा 23 जुलैला. यरुशलेमचा तट शत्रूने फोडला, त्याची ही आठवण. तीन आठवड्यांनी, आव महिन्याच्या नवमीस, मंदिर पडल्याचा मोठा शोकदिवस येतो. (कोकणातल्या बेने इस्राएलांत तो वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई!) दुसरे मंदिर रोमनांनी इसवी सन 70 मध्ये जाळले. तम्मूजचा रोजा धाकट्यांपैकी. पहाटेपासून रात्री तारे दिसेपर्यंतचा, पण पाण्याचा थेंबही न घेता.

आता संगीताचे. सोळाव्या शतकात योसेफ कारो या पंडिताने ‘शुल्हान आरूख’ हा आचारग्रंथ रचला. त्यात धाकट्या रोजांच्या दिवशी आंघोळीला, पायतणाला मोकळीक दिली आहे; वाद्यांचे तिथे नावच नाही. मात्र मंदिर पडल्याच्या दुःखापायी वाद्यांची करमणूक एरवीही आवरावी, लग्नासारख्या मंगल कार्याला सूट असावी, असे तोच ग्रंथ दुसरीकडे सांगतो. पुढच्या पंडितांनी तम्मूजच्या सतराव्यापासून तीन आठवडे लग्ने आणि नाच बंद केले, आणि मग वाद्येही त्यात आली. पुष्कळ समाजांत मात्र कडक पाळणूक आव महिना लागल्यावरच. तेवेत महिन्यातल्या दशमीच्या रोजाला वाद्य चालते की नाही, यावर आजही एकमत नाही. पुरीमच्या आदल्या दिवशीच्या एस्तेरच्या रोजाबद्दल बरेच जण सैल, कारण त्याच्या पाठोपाठ आनंदाचाच सण असतो. वाजवून पोट भरणाऱ्याला यहुदीतरांकडे वाजवायची मुभा आव लागेपर्यंत देणारेही पंडित आहेत. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या मोशे फाइनस्टाइन यांनी तर, रोजा पहाटे लागतो म्हणून, नड असल्यास सतराव्याच्या आदल्या रात्री लग्न लावायला संमती दिली. शास्त्र्यांची ही बारीक कातरणी पाहून आपल्या धर्मसिंधूची आठवण होते.

संगीताचे वावडे या समाजाला मुळीच नाही. आपली कीर्तने ऐकून बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांवर स्वतःची मराठी कीर्तने रचली नि रंगवली. मग पेटी बंद का?

त्या दिवशी काकांचा राग आजीने एका वाक्यात उतरवला. माळ ओढता ओढता ती म्हणाली, “अरे, सुतक असेल त्यांना. सुतकात तू पेटी वाजवशील का?”

आजीने शुल्हान आरूखाचे नाव जन्मात ऐकले नव्हते. पण एकादशीचा उपवास देवाच्या ओढीचा आणि हा रोजा गेलेल्या माणसाचा असावा तसा, एवढे तिने नेमके ओळखले. आपले सुतक दहा दिवसांत फिटते. यांचे दोन हजार वर्षांचे होत आले.

रात्री तारे दिसल्यावर ते आपण होऊन खाली आले. आईने झाकून ठेवलेल्या घुगऱ्या त्यांनी मागून खाल्ल्या. “आता वाजवा की,” असे मी म्हटले, तर हसून म्हणाले, “अजून तीन आठवडे, बाळ.”

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. संध्याकाळी जिन्यावर पेटी आदळल्याचा आवाज झाला. ती दोन्ही हातांनी सावरीत ते ओटीवर आले आणि आईला हाक मारून म्हणाले, “वहिनी, मुलीला घेऊन या. तिचा पाळणा राहिला आहे ना माझ्याकडे?”