तीस सेंतावांचें नाणें

निजामी अमलांत जवळा बाजारच्या व्यापाऱ्यास सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब करावा लागे. तसाच पेंच गोमंतकांत पडला. तेथें सोळा टांग्यांचा (घोड्याचा टांगा नव्हे!) रुपया चाले. १९५८ सालीं पोर्तुगीज सरकारनें रुपयाचे सहा एस्कुदो, म्हणजे सहाशें सेंताव, ठरविले आणि कांशाचें तीस सेंतावांचें नाणें पाडलें. आंकडा विचित्र वाटतो. पण तो रुपयाचा विसावा हिस्सा, भारताच्या पांच नव्या पैशांच्या तोलाचा. खरी अडचण टांग्याची. त्याचे होत साडेसदतीस सेंताव, आणि सर्वांत लहान नाणें दहांचें! वाण्यानें तीस धरावे कीं चाळीस? तोटा बहुधा गरिबाच्याच पदरीं यावयाचा. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. त्याच सालचीं दहा सेंतावांचीं कांशाचीं नाणीं आजही संग्राहकांजवळ आढळतात.