प्रेसची शिस्त लॉगिनला लावा

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये जवळजवळ शतकभर सरकारचा शब्द कागदावर उमटतो आहे. टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट. नोटांसाठी शेजारी १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. खोटा माल करणाऱ्याला अडवण्याची भिस्त तेव्हा शाई, जलचिन्ह आणि बारीक नक्षीवर होती.

आता ई-पासपोर्ट आला. १ एप्रिल २०२४ पासून नागपूर आणि भुवनेश्वरच्या कार्यालयांतून तो प्रायोगिकरीत्या देऊ लागले. त्यातल्या चिपमध्ये पासपोर्टधारकाची माहिती असते आणि तिच्यावर सरकारची डिजिटल सही. ही सही गुप्त किल्लीने होते आणि उघड किल्लीने तपासता येते. चिपमधला फोटो कुणी बदललाच, तर सही जुळत नाही. शिवाय पासपोर्ट उघडून छापील पानाच्या तळाच्या ओळी यंत्राला दाखवल्याशिवाय चिप काही बोलत नाही. गर्दीत खिशाजवळ रीडर धरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

लॉगिनसाठी कंपन्या आता पासवर्डऐवजी ज्या ‘पासकी’कडे वळताहेत, तिच्या मुळाशी हीच दोन किल्ल्यांची युक्ती आहे. गुप्त किल्ली तुमच्याकडे राहते, कंपनीच्या सर्व्हरवर फक्त उघड किल्ली. सर्व्हर फुटला तरी चोराला तुमच्या नावाने आत शिरता येत नाही. पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधलेली असल्यामुळे बनावट पानावर ती चालतच नाही. ओटीपीचं तसं नाही. तो फोनवर गोड बोलून काढून घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल पेमेंटसाठीच्या, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांतही दुहेरी पडताळणी कायम आहे, पण ती एसएमएसच्या ओटीपीनेच करावी असं बंधन नाही.

ओळख फक्त माणसांची तपासून भागत नाही, यंत्रांचीही तपासावी लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एक तोतया यंत्रणा उभी केली होती. देशोदेशीच्या एटीएमवरून ‘पैसे देऊ का?’ असं विचारलं जाई आणि बँकेच्या वतीने ही तोतयाच ‘द्या’ म्हणे. खरी बँक त्या संभाषणात नव्हतीच.

तरीही मला सर्वांत बोलकं उदाहरण संगणकाबाहेरचं वाटतं: मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीचं. बनावट मुद्रांकांसाठी त्याने नाशिकच्याच छापखान्यातली मोडीत निघालेली यंत्रं मिळवली, असं तपासात पुढे आलं. यंत्र कामातून गेलं, पण छापण्याची त्याची ताकद कुणी काढून घेतली नाही.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं चालू राहिलेलं लॉगिन म्हणजे असंच मोडीतलं यंत्र. मोठ्या कंपन्यांत प्रत्येकाचं एकच ओळखखातं सगळ्या प्रणालींना जोडलेलं असतं. मनुष्यबळ विभागाने ते बंद केलं की सगळी दारं एकदम बंद होतात. आपल्या पतसंस्थेत, दवाखान्यात, सीएच्या कार्यालयात मात्र ‘अ‍ॅडमिन’ नावाचं एकच खातं चौघे वापरतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. उद्या घोळ झाला तर कोणी काय केलं हे सांगणार कोण? वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे.

तेव्हा मालकमंडळींनो, या आठवड्यात एवढं करा: सगळ्या लॉगिनची यादी काढा, सोडून गेलेल्यांची खाती बंद करा आणि उरलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्या.