विषबाधा झाल्यास फोन कोठे करावा?

आपल्या वऱ्हाडात पराटीवर फवारायच्या विषाला सगळेच 'औषध' म्हणतात. औषध म्हटले की भीती उरत नाही, आणि रिकामा डबा धुऊन घरात वापरला जातो.

सन २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. अकोला, अमरावतीकडेही रुग्ण आढळले. पाठीवर पंप घेणारे बरेचसे भूमिहीन मजूर, म्हणजे आपल्याच वस्तीतले. त्या वेळी डॉक्टरांची मोठी अडचण ही होती, की दोन-तीन विषे एकत्र कालवलेली असत आणि नेमके कोणते ते रुग्णाला सांगता येत नसे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांवर अ‍ॅट्रोपिन देतात. सायपरमेथ्रिनला मात्र खास उतारा नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ते दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्र. ते १९९५ साली सुरू झाले. फोन १८०० ११६ ११७, रात्रंदिवस, विनामूल्य. सामान्य माणूस व खेड्यातला डॉक्टर, दोघांनीही करावा. हिंदीत बोलावे. काय पोटात गेले की अंगावर सांडले, किती, केव्हा, रुग्णाचे वय, वजन व लक्षणे काय, हे ते विचारतात. म्हणून डबा हाती धरूनच बोलावे. कंपनीचे नाव पुरत नाही, खाली बारीक अक्षरात छापलेले रसायनाचे नाव वाचून सांगावे. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल समजावे.

रुग्ण बेशुद्ध असेल, दम लागला असेल, तोंडाला फेस आला असेल, तर आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची आपल्याकडे फार खोड आहे. ती सोडावी, उलटी श्वासनळीत जाऊन माणूस गुदमरतो. अंगावर सांडले असल्यास कपडे उतरवून साबणाने धुवावे. डबा दवाखान्यात सोबत न्यावा.

पोलीस केसच्या भीतीने पुष्कळ घरे रुग्ण दडवितात. विष स्वतःहून घेतले असले तरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते व उलट सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा होत नाही.

विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली हा क्रमांक ठळक रंगवून घ्यावा, आणि तो जुलैची फवारणी सुरू होण्यापूर्वी.